वाईन लिहिलेला समुद्र

समुद्राचं पाणी खारट असतं, हे मी चौतीस वर्षं शिकवलं आणि चौतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं पुरावा मागितला नाही. निवृत्त झाल्यावर मात्र पुरावा मागणारी भेटली. तिचं नाव आचल, इयत्ता सहावी.

वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतल्या आमच्या घराच्या अंगणात संध्याकाळी पाच वाजता गल्लीतली अकरा पोरं जमतात. याला शिकवणी म्हणू नका. शिकवणीला मुलांना जावं लागतं, इथे ती आपणहून येतात आणि माझी पत्नी छाया मुरमुऱ्याचा डबा बाहेर आणेपर्यंत बसतात. त्या मधल्या वेळात मी त्यांना थोडंफार विज्ञान शिकवून घेतो. त्या दिवशी विषय होता मीठ. समुद्राचं पाणी, मिठागरं, ऊन, वारा, असं मी छान रंगवून सांगत असताना आचलनं हात वर केला.

"सर, तुमी पाह्यला का समुद्र?"

शिक्षकानं खोटं बोलू नये, असं मी मानतो. म्हणून म्हणालो, "नाही."

"मंग तुमाले कसं मालूम खारट असते म्हणून?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तकात तं आपल्या पिपरीची लोकसंख्या बी चुकीची हाये," ती म्हणाली.

ते खरं होतं. मी तो आकडा आदल्याच आठवड्यात मुलांकडून दुरुस्त करून घेतला होता. वर्गात कुजबुज सुरू झाली. वैभव नावाचा तिच्याच वर्गातला मुलगा म्हणाला, "म्हंजे सरले बी मालूम नाई." माझ्या सहासष्ट वर्षांच्या आयुष्यात मला इतक्या थोडक्यात कोणी निकालात काढलं नव्हतं.

त्याच आठवड्यात पुण्याहून आमच्या मुलीचा, रूपालीचा फोन आला. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होत होती, आणि तिनं आम्हां दोघांसाठी जहाजाची तिकिटं काढली होती. मुंबईहून गोवा, गोव्याहून परत मुंबई, तीन रात्री. "बाबा, नाही म्हणायचं नाही," ती म्हणाली. एरवी मी निदान तीनदा नाही म्हटलं असतं. या वेळी पहिल्याच वेळेला हो म्हणालो. छायानं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात जाहीर केलं, "मी समुद्र पाहायला चाललो आहे. येताना तुमच्यासाठी एक बाटली समुद्र आणीन."

टाळ्या वाजल्या. आचलनं वाजवल्या नाहीत. "सर, राग नका मानजा. पण तुमी घरीच नळाच्या पाण्यात मीठ टाकून आणलं तं?"

"मी?"

"तुमी म्हंता ना, शास्त्रात कोनावर बी आंधळा विश्वास ठेवू नोका."

हे मीच म्हणालो होतो. वाक्य चांगलं आहे, फक्त ते स्वतःवर उलटलं की कुठे लागतं ते त्या दिवशी कळलं. मी शांतपणे म्हणालो, "बाटली सीलबंद आणीन. सील माझं नसेल, जहाजाचं असेल. तुमच्यासमोर उघडू."

"चालते," आचल म्हणाली. तिनं वहीत तारीख लिहून घेतली.

जहाज कंपनीनं नियमांची एक लांबलचक यादी मोबाईलवर पाठवली होती. आमचे शेजारी पुंडलिकराव तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. कोणताही नियम दिसला की त्यांच्या चेहऱ्यावर लग्नातलं जेवण पाहिल्यासारखा आनंद पसरतो. त्यांनी चष्मा लावून सगळी यादी वाचली आणि चौदाव्या कलमावर बोट ठेवलं.

"सर, हे पाहा. दर प्रौढ प्रवाशाले चढताना वाईनची एक बाटली संग नेता येते. मधल्या बंदरावर घेतलेली बाटली जहाजावर जमा करायची, शेवटल्या दिवशी वापस भेटते. तुमी दोघं. म्हंजे तुमच्या दोन होतात."

"पुंडलिकराव, मी पीत नाही."

"पिण्याचा सवाल नाई सर, हक्काचा हाये. हक्क वापरला नाई तं बुडते."

समोरच्या कौशल्याबाई दाळ निवडता निवडता ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "थे द्राक्षाचं असते म्हंते. मंग उपासाले बी चालत असन."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, आणि ती इतकी जुनी आहे की तिच्याशिवायचा जिल्हा माझ्या बऱ्याच विद्यार्थ्यांच्या आईवडिलांनीही पाहिलेला नाही. त्यामुळे वाईन या विषयाचं आमच्या गल्लीतलं ज्ञान पूर्णपणे तात्त्विक आहे. ज्यांना प्रात्यक्षिक माहिती आहे ते बोलत नाहीत. मी स्वतः तर दरवर्षी शाळेत मुलांकडून व्यसनमुक्तीची शपथ म्हणून घेणारा माणूस. चौदाव्या कलमाशी आपला कधी संबंध येईल असं मला वाटलंही नाही.

मी वाईन नेली नाही. नेली ती काचेची रिकामी बाटली. निवृत्तीच्या दिवशी शाळेच्या प्रयोगशाळेतून मला प्रेमानं दिलेली, घट्ट काचेच्या बुचाची. समुद्र आणायला याहून योग्य भांडं जगात नसेल. फक्त त्या बाटलीवर, काचेतच उमटवलेली, इंग्रजी अक्षरं होती, आणि चौतीस वर्षं रोज पाहिल्यामुळे मला ती दिसेनाशी झाली होती. मुंबईच्या बंदरावर सामान यंत्रातून गेलं तेव्हा तिथल्या माणसाला ती पहिल्या नजरेत दिसली. 'हायड्रोक्लोरिक ॲसिड.'

"रिकामी आहे," मी म्हणालो.

"कशाची रिकामी आहे ते लिहिलंय ना काका," तो म्हणाला, आणि दोन बोटांत धरून, श्वास रोखून, माझी बाटली घेऊन गेला.

छाया म्हणाली, "अवो, चढाच्या आधीच तुमची सहल संपवून घेता काय?"

जहाज म्हणजे काय, हे मी मुलांना नंतर नीट समजावून सांगितलं: आपली पूर्ण गल्ली, सावंगीचा मोठा दवाखाना आणि वर एक मंगल कार्यालय, असं सगळं एकावर एक रचून पाण्यात सोडून दिलं तर काय होईल, तसं. आमची खोली आठव्या मजल्यावर होती. चारही बाजूंना, नजर पोचेल तिथपर्यंत समुद्रच समुद्र, आणि मला त्यातला पाऊण लिटर मिळत नव्हता. वरच्या मजल्यावर पोहण्याचा तलाव होता. मी विचारलं, "यात समुद्राचं पाणी आहे का?" तिथला मुलगा अभिमानानं म्हणाला, "नाही सर, एकदम गोडं, शुद्ध पाणी." समुद्राच्या मधोमध माणसं गोड्या पाण्यात पोहत होती. मी ही नोंद वहीत केली.

मग मला दोरी आठवली. प्रवासात कपडे वाळत घालायला नायलॉनची दोरी नेण्याची आमच्या घरी पद्धत आहे. न्हाणीघरातल्या स्टीलच्या पेल्याला ती बांधली आणि दुपारी गच्चीच्या कठड्यावरून पेला खाली सोडला. दोरी पंधरा फुटांची, समुद्र सत्तर फूट खाली. पेला मधल्या कुठल्यातरी खिडकीसमोर लोंबकळू लागला. दोरी आणखी थोडी पुरेल म्हणून मी कठड्यावर पोट टेकून हात लांब केला. एवढ्यात मागून दोन गणवेशातल्या माणसांनी मला अलगद, पण घट्ट धरलं. त्यांच्यासोबत एक गोड आवाजाच्या बाई होत्या.

"सर," त्या हिंदीत म्हणाल्या, "घर में सब ठीक है ना?"

"घर में सब ठीक है," मी म्हणालो. "मुझे समुद्र चाहिए."

हे वाक्य अशा प्रसंगी बोलू नये, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. त्यांनी पकड आणखी घट्ट केली. छाया धावत आली आणि म्हणाली, "बाप्पा! जीव नाई द्याचा त्याइले. पोट्ट्याइसाठी पाणी पायजे." त्यांना ते पुरतं कळलं नसावं. पुढले दोन दिवस प्रत्येक जेवणाला कोणी ना कोणी गणवेशातला माणूस टेबलापाशी येऊन हसून विचारायचा, "सर, आप खुश हैं?" आणि मी होकार देईपर्यंत हलायचा नाही. दोरी त्यांनी जपून ठेवायला नेली.

गोव्याला जहाज थांबलं, बस आली आणि तिनं आम्हांला समुद्रकिनारी सोडलं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मी पाण्यात गेलो. ओंजळ भरली आणि तोंडाला लावली.

खारट. पण मी मुलांना सांगत आलो तेवढं नाही, त्याहून कितीतरी जास्त. आणि शेवटी जिभेच्या मुळाशी कडू. कडू! त्या कडूपणाबद्दल मी चौतीस वर्षांत एक अक्षर बोललो नव्हतो. मीठ एकट्यानं कधी राहत नाही, पाण्यात त्याच्यासोबत मॅग्नेशियमची भावंडं असतात, हे मला पाठ होतं. पण ती चवीला अशी लागतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी कोणाला विचारलंही नव्हतं. आचलसारखं मी सहावीत असताना विचारायला हवं होतं. मी पुन्हा एक ओंजळ प्यालो. तिसरी घेणार तोच छाया ओरडली, "अवो, चाखा म्हणलं तं पूर्णच खाली करता काय?"

आता बाटली हवी होती. जवळची प्लास्टिकची बाटली थंड पेयाची होती. तिच्यात गोडवा राहणार, आणि आचल पहिली तीच गोष्ट पकडणार. किनाऱ्यावर एका झोपडीवजा हॉटेलात मालकिणीला मी काचेची रिकामी, झाकणाची बाटली मागितली. तिनं मागच्या ढिगातून एक काढून दिली. पांढऱ्या काचेची, लांब मानेची, सुरेख. मी ती आठ वेळा धुतली. वरचा कागद भिजवून खरवडला, पण तो अर्धाच निघाला. द्राक्षांचा घड आणि वर्षाचा आकडा तेवढा शिल्लक राहिला. मग गुडघाभर पाण्यात जाऊन मी ती काठोकाठ भरली, झाकण घट्ट फिरवलं आणि बसमध्ये बसलो. मनात म्हटलं, आता आपण आणि आपला समुद्र.

जहाजाच्या दारात पुन्हा यंत्र होतं. यंत्रापलीकडे एक तरुण मुलगी बसली होती. छातीवर नाव होतं वर्षाली. तिनं बाटली हातात घेतली, द्राक्षांचा घड पाहिला, माझ्याकडे पाहिलं.

"वाईन?"

"नाही. समुद्र."

"सर?"

मी माझी ओळख सांगितली. वर्धा म्हणताच ती सरळ बसली. "वर्धेचे? मी यवतमाळची हाव सर!" मग आवाज खाली करून म्हणाली, "पण सर, असं नका ना करू. लोक पाण्यासारखी दिसणारी दारू बाटलीत भरून आणतात, आणि पाणी म्हंतात. समुद्र कोणी म्हणलं नव्हतं आजवर, हे नवीन हाये."

"तू चाखून पाहा."

"ड्यूटीवर अनोळखी द्रव चाखता येत नाई."

"हे अनोळखी नाही. आपलं जहाज यातच उभं आहे!"

रांग थांबली होती. मागचे लोक मान लांब करून पाहत होते. वर्षालीनं संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. "पाहा सर, माझ्याकडे चार खाने हायेत. बिअर, कडक दारू, वाईन, इतर द्रव. समुद्राचा खाना नाई. 'इतर द्रव' लिहिलं तं आत्ता, इथीच, या पिंपात ओतून द्या लागते. 'कडक दारू' लिहिलं तं जप्त. 'वाईन' लिहिलं तं सील करून ठेवतो आणि परवा सकाळी जशीच्या तशी वापस देतो." ती पुढे झुकली. "सर, समुद्र वाचवायचा असन तं वाईन म्हणा."

मी छायाकडे पाहिलं. छायानं छताकडे पाहिलं. किती पिढ्यांकडून मी शपथ म्हणून घेतली होती त्याचा हिशेब मनात तरळून गेला. पण सील! बाहेरच्या माणसाचं, क्रमांक असलेलं, अधिकृत सील. ते एकाच खान्यात मिळत होतं.

"वाईन," मी म्हणालो. माझा आवाज कोणाला ऐकू गेला नाही.

"जोरात सर."

"वाईन!"

मागच्या रांगेत कोणीतरी टाळी वाजवली.

"पांढरी का लाल?"

"तुला काय दिसतं?"

"पांढरी," ती म्हणाली आणि तसं लिहिलं. बाटली पारदर्शक पिशवीत गेली, पिशवीच्या तोंडाला लाल पट्टीचं सील बसलं, सीलच्या क्रमांकाची पावती माझ्या हातात आली आणि सीलला एक पुठ्ठ्याची चिठ्ठी लटकली. तिच्यावर वाईन हा शब्द, रंग, पाऊण लिटर, माझं संपूर्ण नाव वडिलांच्या नावासकट, आणि खाली माझी सही. वडील असते तर म्हणाले असते, निदान माझं नाव तरी वगळायचं.

शेवटच्या सकाळी आपापल्या बाटल्या परत घ्यायला रांग लागली. माझ्या पुढे नागपूरचा एक हौशी गृहस्थ होता. त्याच्या चार होत्या. माझी पिशवी हातात आल्यावर त्यानं जाणकारासारखी वाकून पाहिली.

"व्वा काका, पांढरी! ड्राय आहे का?"

"हो," मी म्हणालो. "आमचा पूर्ण जिल्हाच ड्राय आहे."

तो इतका हसला की त्याच्या पिशवीतल्या बाटल्या एकमेकींवर आपटल्या. माझ्या बोलण्यात विनोद काय होता हे मला रूपालीनं फोनवर समजावलं तेव्हा गाडी बडनेरा सोडून वर्ध्याकडे निघाली होती. वाईनमध्ये कमी गोड प्रकाराला ड्राय म्हणतात म्हणे. म्हणजे ओल्या गोष्टीला कोरडं म्हणायचं. नोंद केली.

छायानं गाडीत मला दहादा सांगितलं, "थे चिठ्ठी तोडून टाका. नाई तं पाणी दुसऱ्या बाटलीत भरा." मी ऐकलं नाही. चिठ्ठी तोडायची तर सील तोडावं लागणार होतं, आणि सील तुटलं की तो समुद्र उरणार नव्हता, नळाचं पाणी होणार होता. निदान एका मुलीच्या लेखी.

घराशी ऑटो थांबला तर पुंडलिकराव फाटकातच उभे. ते आमचं सामान उतरवायला आले, आणि त्यांच्या हाताला नेमकी तीच पिशवी लागली. छापील काहीही दिसलं की ते मोठ्यानं वाचतात. त्यांनी वाचलं. वडिलांच्या नावासकट.

"अरे वा सर! हक्क वापरला म्हणा की!"

"पुंडलिकराव, हा समुद्र आहे."

"असन ना. आमाले काय करायचं हाये," ते डोळा बारीक करून म्हणाले. "पण एक सांगतो. आपल्याकडे वाईन बाळगाले परवाना लागते. माह्या वळखीचा माणूस हाये, अर्ज करून टाकू?"

कौशल्याबाई बाहेर आल्या. "सरनं आणली काय? गुडघ्याले लावाले चालते म्हंतात थे."

"कौशल्याबाई, हे मिठाचं पाणी आहे."

"मंग तं शेकाले बी चालन."

मी आत जाऊन बाटली टेबलावर मधोमध ठेवली. पाचला दोन तास होते. त्या दोन तासांत पुंडलिकराव चौकातल्या टपरीवर चहाला गेले आणि कोणाचंही वाईट न चिंतता, निव्वळ कौतुकानं, सगळ्यांना सांगून आले की आमच्या सरांनी जहाजावरून पांढरी वाईन आणली, सीलबंद. शेजारच्या बाकावर हवालदार नत्थूजी चहा पीत होते.

पाच वाजता अकराच्या अकरा पोरं आली. आचल पहिल्या रांगेत. मी बाटली बाहेर आणली आणि नेमकी त्याच वेळी फाटकाशी मोटरसायकल थांबली. हवालदार आत आले. सभ्य माणूस. चपला बाहेर काढून आले.

"नमस्कार गुरुजी. गुप्त माहिती भेटली हाये."

पुंडलिकराव कुंपणापलीकडून म्हणाले, "कोणाकडून?"

"तुमच्याचकडून," नत्थूजी म्हणाले, आणि बाटलीकडे वळले. चिठ्ठी वाचली. "सही तुमची हाये काय?"

"माझीच आहे."

"वाईन म्हणून लिहिली हाये."

"लिहिली आहे. पण नाही. समुद्र आहे."

नत्थूजींनी टोपी काढून डोकं खाजवलं. "गुरुजी, तुमच्याबद्दल मनात कायी नाई. पण कागद म्हंते वाईन, तुमी म्हंता समुद्र. मले कागद ऐका लागते. हे घेऊन जा लागन, तपासणीले पाठवा लागन. महिना-दोन महिने लागतीन."

अकरा चेहरे एकदम पडले. माझा बारावा. दोन महिन्यांनी बाटली परत येईल, सील तुटलेलं असेल, आणि आचल वहीत काय लिहील ते मला आत्ताच दिसत होतं.

"हवालदारसाहेब, तुम्ही चाखून पाहा."

"ड्यूटीवर हाव. वाईन निघाली तं माहीच नोकरी जाईन."

"वास घ्या."

"सर्दी हाये," ते खऱ्या दुःखानं म्हणाले आणि नाक ओढलं. "आणि वास पंचनाम्यात लिहिता येत नाई."

तेव्हा आचल उठली. बाटलीजवळ आली. तिनं आधी सील पाहिलं. मग माझ्याकडे हात पुढे केला. "पावती?" मी जहाजाची पावती दिली. तिनं सीलवरचा क्रमांक आणि पावतीवरचा क्रमांक, एकेक आकडा बोट ठेवून जुळवला. "सील बरोबर हाये," ती हवालदारांना म्हणाली. "आता उघडाले हरकत नाई." मग जरा विचार करून म्हणाली, "उकळून पाहू ना. समुद्र असन तं मीठ उरन."

"आणि वाईन असन तं?" नत्थूजींनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वाईन उकळल्यावर नेमकं काय उरतं, हे मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी कधी उकळली नाही. पण मीठ उरत नाही, एवढं नक्की."

नत्थूजींनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. मग त्यांनी खिशातून कागद काढला. "पंच लागतीन. दोन." पुंडलिकराव कुंपण ओलांडूनच आले. कौशल्याबाई दाळ पाखडायचं सूप हातात घेऊनच आल्या. छाया आतून गॅसची छोटी शेगडी आणि दुधाचं नाही, तुपाचं नाही, असं खात्रीचं घासलेलं स्टीलचं पातेलं घेऊन आली. "घ्या," ती म्हणाली. "चाळीस वर्षांत सैपाकघरात गेले नाईत, आज अंगणात सैपाक करा."

सील तुटलं. मी झाकण फिरवलं. अंगणात इतकी शांतता पसरली की मला झाकणाचे आटे मोजता आले. वाटीभर पाणी मोजून पातेल्यात ओतलं आणि शेगडी पेटवली. मुलं गोल करून बसली. हवालदार मुलांच्या मागे उकिडवे बसले. पुढली पंधरा मिनिटं त्या अंगणात कोणी पोलीस नव्हतं, पंच नव्हते. सगळे एका पातेल्यात डोकावून पाहत होते. पाणी आधी नुसतंच हललं, मग कडेनं बुडबुडे आले, मग वाफ. मी हळूहळू सांगत गेलो. पाणी निघून जातं, पण जे विरघळलेलं असतं ते जात नाही. लाटेत काय असतं, ढगात काय जातं, आणि मागे काय राहतं. वैभवनं विचारलं, "मंग पाऊस खारट काऊन नसते?" पुंडलिकराव म्हणाले, "अरे हो! काऊन नसते?" ते साठ वर्षांचे आहेत, आणि हा प्रश्न त्यांना पहिल्यांदा पडला होता.

पाणी कमी झालं, गढूळ झालं, चटचट उडू लागलं. मी शेगडी मंद केली. शेवटी तळाशी आणि कडांना पांढरा थर उरला. मी चमच्यानं खरवडून तो हवालदारांपुढे धरला.

"मीठ चाखाले ड्यूटीची मनाई नाई," ते स्वतःशीच म्हणाले, आणि चिमूट जिभेवर ठेवली. डोळे मिटले.

"मीठ हाये," ते म्हणाले. मग कपाळाला आठ्या घालून, "पण मागून कडू लागते गुरुजी."

"लागतं ना!" मी ओरडलोच. "लागतं ना कडू?" इतका आनंद मला नोकरीत कायम झालो तेव्हाही झाला नव्हता. मग प्रत्येकानं कणभर चाखलं आणि प्रत्येकानं तोंड वाकडं केलं. कौशल्याबाईंनी दोनदा चाखलं.

नत्थूजी लिहायला बसले. मध्येच पेन थांबवून त्यांनी विचारलं, "गुरुजी, घरी मीठ तयार करणं गुन्हा नाई ना?"

"होता. इंग्रजांच्या काळात. आता नाही."

"मंग ठीक." त्यांनी जोरात वाचत लिहिलं, "सदर बाटलीत वाईन मिळून आली नाही. समुद्र मिळून आला." पुंडलिकरावांनी सही केली आणि कारकुनी सवयीनं खाली तारीख, वेळ, ठिकाण टाकलं. कौशल्याबाईंनी सही केली. आचलनं एक नक्कल मागितली. नत्थूजींनी ती दिली, आणि जाताना उरलेल्या बाटलीकडे वळून पाहत म्हणाले, "आमी कधी पाह्यला नाई समुद्र." मी त्यांच्या तळहातावर थोडं पाणी ओतलं. ते मूठ अर्धी मिटून, सांडू न देता, एका हातानं मोटरसायकल ढकलत फाटकाबाहेर गेले.

मुरमुरे आले. मुलं लिहू लागली. मी वह्या तपासत फिरलो. आचलच्या वहीत पंचनाम्याची घडी आधीच चिकटवलेली होती. तिच्याखाली नीट, सरळ ओळीत लिहिलं होतं:

'समुद्राचे पाणी खारट व कडू असते. (पोलिसांनी सांगितले.)'

मी खिशातून लाल पेन काढलं आणि कंसातल्या वाक्यावर टेकवलं. चौतीस वर्षं! सत्तर फुटांवरून लोंबकळलेला पेला! सर्वांदेखत ओरडून म्हटलेलं ते वाईन! मग मी वाक्य पुन्हा वाचलं. 'पोलीस' शब्दाचं 'पोलिसांनी' झालं की 'ली'ची दुसरी वेलांटी पहिली होते. हे मी सबंध वर्गाला महिनाभर घोकून घेतलं होतं, आणि तरी अर्धा वर्ग चुकतो.

आचलनं वेलांटी बरोबर दिली होती. मी बरोबरची खूण केली आणि वही परत दिली.